पार्ट अजून आलेला नाही

घर बघायला गेले त्या दिवशी मागच्या शेतात पांढरी निशाणं लावलेली होती. तारेच्या काड्यांना बांधलेल्या जुन्या उशीच्या अभ्र्याच्या चिंध्या, गुडघाभर उंचीच्या, वीस-पंचवीस तरी. धुकं इतकं दाट की काड्या दिसत नव्हत्या, नुसत्या चिंध्या गवतावर अधांतरी हलत होत्या. मला वाटलं, पाळलेल्या कुत्र्या-मांजरांच्या समाध्या असतील. मी विचारलं तेव्हा घरमालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथे रिकामी काडतुसं पडली."

गावातल्या एखाद्या गेलेल्या माणसाबद्दल बोलावं, तसा तो आवाज.

एवढ्यावर कुणीही शहाणी बाई परत फिरली असती. पण २०२० चा फेब्रुवारी होता, आयर्लंडच्या पश्चिमेला, शॅननमधली माझी नोकरी पुढच्याच सोमवारी सुरू होणार होती, आणि शॅनन ते एनिसच्या पट्ट्यात रिकामी खोली मिळणं महाकठीण होतं. नवरा डब्लिनजवळ स्वोर्ड्सला. त्याची नोकरी तिकडे, माझी इकडे. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी एकाने बस पकडायची, असं आमचं ठरलेलं. महिन्याभरात सगळं बंद झालं आणि ती बसही गेली. नवरा फोनवर म्हणायचा, "अगं, तू एका बंदूकवाल्याच्या घरात एकटी राहतेस, हे मी आईला सांगितलेलं नाहीये. तूही सांगू नकोस."

घरमालक बंदुका दुरुस्त करायचे. लायसन्सवाले, रीतसर वही ठेवणारे. अंगणापलीकडे दगडी वर्कशॉप, आत भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी, तिची किल्ली गळ्यातल्या काळ्या दोरीला. वय पंचाहत्तरच्या पुढे. उंच आणि इतके सडपातळ की दारात उभे राहिले तरी दार रिकामंच वाटायचं. त्यांची एक सवय मला फार दिवस छळत होती. कुणीही समोर आलं की ते लगेच बोलत नसत. मान किंचित कलती करून नुसते उभे राहत. पोस्टमन असो, मी असो, शेजारची दूधवाली असो. आपण 'गुड मॉर्निंग' म्हणावं, आणि उत्तराच्या जागी ती शांतता यावी. पुढे एकदा मला कळलं, ते आपला श्वास ऐकत असत. दोन-तीन श्वास नीट ऐकून झाले, की मग "ग्रँड" म्हणत आणि कामाला लागत.

ते मला 'गर्ल' म्हणायचे. त्यांचं बोलणं मराठीत सांगताना मी त्याचं 'पोरी' करते. त्यांच्या तोंडी तो शब्द तसाच होता.

"तू काय काम करतेस, पोरी?" त्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं.

"मोजते," मी म्हटलं. मी क्वालिटी इन्स्पेक्टर. मुळात भोसरीच्या कारखान्यांत शिकलेली. बारीक भोकं, केसापेक्षा बारीक फरक, हा माझा दिवसभराचा उद्योग. त्यांचे डोळे एकदम उजळले. आत गेले आणि लाकडी डबी घेऊन आले. तिच्यात सुयांसारख्या पोलादी पिना, प्रत्येकीवर आकडा. भोकात घालून माप घ्यायच्या त्या पिना मी रोज वापरायचे. फक्त यांच्या पिना माझ्या वडिलांच्या वयाच्या होत्या, आणि एकीवरही गंजाचा ठिपका नव्हता.

त्या दिवसापासून रविवारी सकाळी वर्कशॉपच्या उघड्या दारापाशी, सहा फुटांचं अंतर राखून, मी त्यांच्यासाठी मोजायला बसू लागले. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी शिकवलं ते असं. सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत बार उडाला की नळीतला थोडा गॅस एका बारीक भोकातून मागे वळवलेला असतो. तो गॅस आतला बोल्ट मागे ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि नवं आत येतं. गॅस कमी पडला तर बंदूक गुदमरते. जास्त झाला तर सगळंच आदळआपट करत चालतं. खांद्याला धक्का बसतो, काडतूस लांब भिरकावलं जातं, आतले भाग झिजतात, दुसरा बार अडकतो. मग त्या भोकावर असा ब्लॉक बसवायचा की ज्यात स्क्रू फिरवून गॅस कमी-जास्त करता येईल.

"पण कुठला बसवायचा?" ते म्हणायचे. "इथेच सगळे चुकतात."

निवडीचे त्यांचे नियम होते आणि ते नियम सांगताना आवाज खाली जायचा. नुसत्या स्क्रूचा ब्लॉक घेऊ नये. तापून-थरथरून तो आपोआप हलतो. टिक-टिक करत अडकणारा घ्यावा, म्हणजे डोळे मिटूनही मोजता येतं आपण कुठे आहोत. काजळी साचली तरी फिरेल असा घ्यावा. आणि नुसत्या बोटांनी फिरतो तो तर कधीच घेऊ नये. "हाताने सहज फिरणारी गोष्ट माणूस रागात फिरवतो. फिरवायला पाना शोधावा लागला पाहिजे. तेवढ्या वेळात राग निवतो."

एखाद्या बंदुकीला गॅस जास्त होतोय की कमी, हे ते शेतात ठरवायचे. ठरावीक जागी उभं राहून बार काढायचे आणि प्रत्येक काडतूस पडलं तिथे निशाण रोवायचे. निशाणं कुंपणाकडे पळत असतील तर गॅस जास्त. ती हळूहळू जवळ येऊन एका घमेल्यात मावतील अशी पडली की बंदूक बरी झाली. मग ते सगळी निशाणं काढून टाकायचे.

सगळी नाही. पार कोपऱ्यात, काटेरी झुडपांच्या कुंपणाला लागून एक निशाण कायम असायचं. चिंधी कुजली की ते नवी बांधायचे. पहिल्या वर्षी मी त्याबद्दल विचारलं नाही.

माणसांनाही ते हेच माप लावायचे. रेडिओवर कुणी पुढारी तावातावाने बोलू लागला की म्हणायचे, "जास्त गॅस. याचं काडतूस रस्त्यापलीकडे पडणार." माझ्या नवऱ्याशी एकदा फोनवर बोलले आणि फोन परत देताना म्हणाले, "थोडा कमी पडतो. पण चालेल."

हसू यायचं. पण मग कुकरचा प्रसंग घडला आणि हसू थोडं कमी झालं.

माझ्या कुकरच्या पहिल्या शिट्टीला ते वर्कशॉपमधून धावत आले होते. नंतर त्यांनी ती शिट्टी मागून घेतली, तळहातावर तोलली, तिचं भोक माझ्याकडून मोजून घेतलं. "हे प्रामाणिक यंत्र आहे," म्हणाले, "जास्त झालं की सांगतं तरी." पुढे माझ्या स्वयंपाकाची वेळ झाली की ते हातातलं काम थांबवून ऐकत बसायचे. वरणाला तीन शिट्ट्या, हे त्यांना पाठ झालं.

सप्टेंबरात एका दुपारी मी दाराशी आले तर ते अंगणात उभे. मान कलती.

"घरी कोण आजारी आहे?" त्यांनी विचारलं.

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, कारण फोन येऊन जेमतेम वीस मिनिटं झाली होती. पुण्यात बाबांना ऑक्सिजन लावला होता. मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"पाच झाल्या," ते म्हणाले. "तू तिथेच उभी होतीस आणि ऐकत नव्हतीस."

स्पष्टीकरण साधं होतं, पटण्यासारखं होतं. बाबा महिन्याने बरे झाले. तोपर्यंत रोज सकाळी माझ्या उंबऱ्यावर सोडा ब्रेडचा अर्धा लोफ फडक्यात गुंडाळून ठेवलेला असायचा. ठेवताना कधी कुणी दिसलं नाही.

तो माणूस आला ऑक्टोबरच्या शेवटी. पुन्हा सगळं बंद झालं होतं, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला मनाई होती. याचं घर त्याच्या आतच होतं. रविवार होता, मी पिना पुसत बसले होते. पन्नाशीचा, रुंद, पण खांदे आतून कुणीतरी काढून घेतल्यासारखे. अंगात विमानतळावरचं चकाकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट. शॅनन विमानतळावर उतरलेल्या विमानांना हातवारे करून जागेवर लावायचं, हे त्याचं काम. मार्चपासून विमानंच नव्हती.

"रिकामं काडतूस पार कुंपणापलीकडे फेकते," तो बंदुकीची पिशवी टेबलावर ठेवत म्हणाला. "खांदा निळा होतो. आणि तीनातून एकदा दुसरा बार अडकतो."

"गॅस जास्त जातोय," घरमालक म्हणाले. त्यांनी बंदूक रिकामी आहे ना ते पाहिलं, नळीवरून हात फिरवला. सगळं नेहमीसारखं.

त्या माणसाने रिकामी पिशवी दुमडली. मग म्हणाला, "पण पहिला बार जातो ना? नेहमी?"

घरमालकांचा हात नळीवर तसाच राहिला. मान कलली. आम्ही तिघेही गप्प होतो आणि ती शांतता दोन-तीन श्वासांवर संपली नाही. मी माझ्याही नकळत मोजू लागले. सात, आठ, नऊ.

"जातो," ते अखेर म्हणाले. "पहिल्या बाराचा गॅसशी संबंध नसतो. ठेवून जा."

"किती दिवस?"

"ब्लॉक निवडावा लागेल. बाहेरून मागवावा लागेल. घाई केली तर चुकीचा येईल."

त्यांनी वहीत नोंद केली, त्याची सही घेतली, बंदूक तिजोरीत गेली. तो गेल्यावर ते बराच वेळ दारात उभे होते. त्या दिवशी "ग्रँड" म्हणाले नाहीत.

ब्लॉक दोन आठवड्यांत आला. मी भोक मोजलं, त्यांनी तो बसवला, आणि नोव्हेंबरातल्या एका कोरड्या सकाळी शेतात बार काढले. निशाणं मीच रोवली. आधी कुंपणाशी, मग अर्ध्यावर, मग स्क्रूच्या चौथ्या टिकला चार पावलांवर, एका घमेल्यात मावतील अशी. मला अगदी स्वतःचं काम झाल्यासारखा आनंद झाला.

त्याच संध्याकाळी त्या माणसाचा फोन आला. भिंतीतून ऐकू आलं. घरमालक शांतपणे म्हणाले, "पार्ट अजून आलेला नाही."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण डिसेंबरात तो स्वतः आला, तेव्हा माझ्यासमोर ते म्हणाले, "आला होता, पण बोटांनी फिरणारा निघाला. परत पाठवला." जानेवारीत म्हणाले, "ब्रेक्झिट. सगळी पार्सलं कस्टममध्ये अडकलीत." ते तर खरंच होतं, माझी मेथीची आणि हिंगाची पार्सलंही अडकली होती. फेब्रुवारीत म्हणाले, "हा काजळी धरतो. दुसरा बघतोय." दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी तो यायचा. दारातच उभा राहायचा. दर वेळी त्याचं जाकीट जास्त मळलेलं, चेहरा जास्त राखाडी. घरमालक त्याला चहा द्यायचे, नवं कारण द्यायचे आणि पुढचा गुरुवार द्यायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याने टेबलावर मूठ आपटली. "ती माझी आहे. लायसन्स माझं आहे. मी गार्डांकडे जाईन. तुमचं हे सगळं बंद होईल." गार्ड म्हणजे इकडचे पोलीस.

"होईल," घरमालक म्हणाले. "गुरुवारी ये."

तो गेल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ते काम नोव्हेंबरातच झालंय. मी स्वतः मोजलंय. तुम्ही खोटं बोलताय, आणि त्याने खरंच तक्रार केली तर तुमचं लायसन्स जाईल."

ते स्टुलावर बसले. त्या काळात त्यांना धाप लागू लागली होती; दुसऱ्यांचे श्वास ऐकणाऱ्या माणसाचा स्वतःचा श्वास आता अंगणापलीकडून ऐकू यायचा.

"क्लब बंद आहेत," ते म्हणाले. "रेंज बंद आहे. पाच किलोमीटरवर पोलीस उभे आहेत. बंदूक घेऊन जायला जागाच नाही, तर त्याला एवढी घाई कशाची आहे, पोरी?"

मी डबीतली एक पिन उचलून पुसू लागले.

"पन्नास वर्षं मी हे काम करतोय. येतो तो दुसऱ्या बाराबद्दल विचारतो. दुसरा अडकतो, दुसरा चुकतो, दुसऱ्याला उशीर होतो. पहिल्याबद्दल विचारणारे मला फक्त दोघे भेटले. युअर मॅन त्यातला एक." 'युअर मॅन' म्हणजे आपला तो, तो अमुक. इकडे असंच म्हणतात. "दुसरा माझा भाऊ."

खिडकीतून शेताचा कोपरा दिसत होता. ते तिकडे बघत होते.

"त्याची मी एका दिवसात दुरुस्त करून दिली. सकाळी आणली, संध्याकाळी दिली. मला त्याचा अभिमान होता, की बघ, किती लवकर केली. तो तिथेच, कुंपणापाशी गेला. काडतूस मला बऱ्याच वर्षांनी सापडलं. जमीन ठेवून घेत नाही या गोष्टी, हळूहळू वर ढकलते."

माझ्या हातातली पिन खाली पडली आणि तिचा आवाज फरशीवर फार वेळ घुमत राहिला असं मला वाटलं. खरं तर इतकी बारीक पिन घुमत नसते.

"मग कुणाला तरी सांगा," मी म्हटलं. "डॉक्टरला. गार्डांना. त्याच्या घरच्यांना."

"त्याच्या बहिणीला फोन केला होता. ती म्हणाली, तो ग्रँड आहे." ते थोडं हसले. इकडे ग्रँड म्हणजे काहीही असू शकतं. लग्न ठरलं तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. "डॉक्टरकडे जा, असं त्याला तोंडावर म्हटलं. हो म्हणाला. गार्डांना सांगितलं तर ते बंदूक नेतील. बरोबरच आहे त्यांचं. पण मग त्याला गुरुवारी इथे यायचं कारण उरणार नाही. तो बंदुकीसाठी येतो, तर येऊ दे. येतोय तोवर आहे."

"आणि तुमचं चुकत असेल तर?"

"तर एका माणसाला उगाच चार महिने फसवलं," ते म्हणाले. "ते मी सोसेन."

मार्चमध्ये एका सकाळी ते वर्कशॉपच्या पायरीवर बसलेले सापडले. ओठ निळे पडलेले. अँब्युलन्सवाल्यांनी त्यांना एनिसच्या हॉस्पिटलात नेलं. किल्ली गळ्यातच होती. भेटायला कुणालाच परवानगी नव्हती. जाताना मास्कच्या आतून ते मला एवढंच म्हणाले, "उद्या गुरुवार आहे."

मी सुट्टी घेतली. सकाळपासून धुकं होतं आणि ते दुपारीही उठलं नाही. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "दार लावून आत बस. उघडू नकोस." मग थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. "उघड. पण फोन चालू ठेव, मी ऐकतोय."

काय करावं सुचेना म्हणून मी कुकर लावला.

तो आला तेव्हा धुक्यात आधी जाकिटाचे चकाकते पट्टे दिसले, माणूस नंतर. फाटकाशी थांबला नाही. सरळ वर्कशॉपच्या दाराशी गेला, कडी हलवली, मग माझ्याकडे वळला.

"ते कुठे आहेत?"

मी सांगितलं.

"तू त्यांच्याबरोबर काम करतेस. ती तयार आहे ना? मला माहीत आहे ती तयार आहे."

मी दिवसभर एकच वाक्य घोकलं होतं. पार्ट अजून आलेला नाही. ते तोंडातून निघेना. अख्खी नोकरी ज्या माणसाने आकडा आहे तसाच लिहिण्यात घालवली, त्याला खोटं बोलणं जड जातं. आणि मग मी ऐकलं, म्हणजे ऐकतेय हे माझ्या लक्षात आलं. माझी मान कलली होती. त्याचा श्वास ऐकू येत होता. आत जायचा, आणि मग बाहेर यायला विसरल्यासारखा अडकायचा.

"तुम्ही पहिल्या बाराबद्दल का विचारलंत?" मी म्हटलं.

तो हलला नाही. धुक्यात त्याच्या चेहऱ्यावरचं काही दिसत नव्हतं, फक्त ते पट्टे. मी खिशातला फोन घट्ट धरला होता आणि फोनच्या पलीकडे नवरा, सव्वादोनशे किलोमीटरवर, माझ्यासारखाच श्वास रोखून.

आत कुकरने शिट्टी दिली. तो दचकला. "ते काय होतं?"

"डाळ," मी म्हटलं. "अजून दोन व्हायच्यात. बसा."

का कोण जाणे, तो बसला. वर्कशॉपच्या पायरीवर. मी त्याला ताटलीत वरण-भात नेऊन दिला, वर तूप आणि लिंबाची फोड, आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसले. त्याने चमच्याने सगळं संपवलं. मग ताटलीकडे बघत, माझ्याशी नव्हे, बोलू लागला.

"विमानं बंद झाल्यावरही मी पहाटे उठून तिकडे जायचो. जाळीबाहेरून बघायचो. मग एकदा सुरक्षावाल्याने आत सोडलं, ओळखीचा होता. मी माझ्या जागेवर उभा राहिलो. हात वर केले. आणि आलं, बरं का. मोठं होतं. मी त्याला सरळ घेतलं, जरा डावीकडे, हळू, हळू, थांब. अगदी रेघेवर लावलं. चाकं थांबल्याचं पायांना कळलं. मग मी हात खाली केले आणि मान वर केली, तर समोर काहीच नव्हतं. नुसतं डांबर." त्याने चमचा ताटलीत सरळ ठेवला. "त्यानंतर मला झोप नाही. मला वाटत राहतं, मी त्यांना तिथे थांबवून ठेवलंय. आतल्या लोकांना. कुणी उतरलंच नाही."

मी विचारलं, "हे डॉक्टरला सांगितलंय?"

"हे कुणाला सांगतात का?"

"मला सांगितलंत की."

त्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मी म्हटलं, एनिसला माझ्या डॉक्टरबाई आहेत, आत्ता फोन लावते, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी नवऱ्याचा चालू फोन कापला आणि तो नंबर लावला. बोलताना अर्ध्यातच फोन पायरीवर ठेवून मी मागे सरकले, आणि फोन उचलून तो कोपऱ्यात गेला. वीस मिनिटं बोलत होता. काय ते मी ऐकलं नाही. श्वासही ऐकला नाही.

संध्याकाळी त्याची बहीण गाडी घेऊन आली. डॉक्टरबाईंनीच तिला बोलावलं होतं. ती आली तेव्हा तो धुकं विरळ झालेल्या फाटकाशी उभा होता. "पुढच्या गुरुवारी येऊ?" त्याने मला विचारलं.

"काही उपयोग नाही," मी म्हटलं. "किल्ली त्यांच्याकडे आहे."

"तरी येतो."

हॉस्पिटलातून घरमालकांचा फोन दोन दिवसांनी आला. आवाज कागदासारखा. "आला होता?"

"आला होता."

"काय दिलंस?"

"वरण-भात."

"किती?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. "तीन शिट्ट्या," मी म्हटलं.

"ग्रँड," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ते एप्रिलमध्ये गेले. चर्चमध्ये फक्त दहा माणसांना परवानगी होती, म्हणून बाकीचे रस्त्याच्या दुतर्फा अंतर राखून उभे राहिले आणि गाडी त्यांच्यामधून हळू गेली. इतकी माणसं त्या माणसाला ओळखत असतील, असं मला कधी वाटलं नव्हतं. कितीजण दुसऱ्या बारासाठी आले होते आणि किती इतर कशासाठी, कोण जाणे. लिमरिकहून दुसरा लायसन्सवाला दुकानदार आला आणि तिजोरीतल्या बंदुका वही पडताळून घेऊन गेला.

जूनमध्ये मला स्वोर्ड्सजवळ नोकरी मिळाली. व्हॅन भरायच्या दिवशी तो मदतीला आला. ऊन स्वच्छ होतं. जाकीट नव्हतं, साधा निळा शर्ट होता, आणि विमानतळावर पुन्हा थोडी थोडी हालचाल सुरू झाल्याचं त्याने सांगितलं. बंदूक त्याने दुकानदाराला विकून टाकायला सांगितली होती. तेही त्याने कपाट उचलता उचलता, सहज सांगितलं. त्याला खरंच काय करायचं होतं, ते मी कधी विचारलं नाही. आजही मला ठामपणे सांगता येणार नाही.

शेवटचं खोकं ठेवून झाल्यावर तो व्हॅनच्या दाराला टेकला.

"त्या पार्टला एवढा वेळ का लागला, ते तुला कधी बोलले होते?" त्याने विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. हातातली दोरी गुंडाळत होता.

"पोस्टामुळे," मी म्हटलं.

त्याने दोरीची गाठ मारली, ओढून बघितली.

"हो," तो म्हणाला. "त्या वर्षी पोस्टाचं काही खरं नव्हतं."